भाच्याचं काळीज

भाच्याचे पाय धुताना मला पहिल्यांदा भीती वाटली. मे महिन्यातली दुपार, कूलर नुसती गरम हवा फेकत होता, माझी बनियन अंगाला चिकटलेली, आणि पितळेच्या परातीत ठेवलेले त्याचे दोन्ही पाय माठाच्या बुडासारखे गार. बायको वरून तांब्यानं पाणी सोडत होती. ते पाणी टाकीतलं, चहा टाकता येईल इतकं तापलेलं. त्या पाण्यातही पाय गारच राहिले.

आमच्या वऱ्हाडात भाचा म्हणजे मानाचा माणूस. वयानं कितीही लहान असो, मामानं त्याच्या पाया पडायचं, त्याला मामाच्या पाया पडू द्यायचं नाही. त्याच्यावर हात उगारायचा नाही, त्याला वेडंवाकडं बोलायचं नाही. अधिकमहिन्यात तर त्याला मुद्दाम बोलावून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कुंकवाचा टिळा लावायचा आणि ताटात अनारशांचं वाण द्यायचं. माझ्या मोठ्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा. भाऊजी गेल्यानंतर बहिणीनं इंझोरीची शेती एकटीनं सांभाळून त्याला शिकवलं. तो पुण्याला, मोठमोठ्या लग्नांचे कार्यक्रम उभे करणाऱ्या एका कंपनीत होता. नवरीला धुरातून आणायचं की फुलांच्या पावसातून, हे ठरवण्याचा त्याला पगार मिळे. मी त्याला चिडवायचो, ‘भाचेबुवा, दुसऱ्यांच्याच नवऱ्या किती दिवस आणणार?’ तो हसून टाळायचा. वय तीस.

आणि मी कोण, तर मंगरूळपीरचा मेडिकलवाला. माझ्या काउंटरवर निम्मा तालुका डॉक्टरकडे जाण्याआधी येऊन जातो. कुणाला काय होतंय हे मी चष्म्यावरून बघूनच सांगतो, अशी माझी ख्याती आहे, आणि खोटं कशाला बोलू, ती मला फार आवडायची. साध्या डोकेदुखीच्या गोळीसाठी आलेल्या म्हातारीलाही मी चार प्रश्न विचारल्याशिवाय गोळी देत नसे.

पाय पुसताना माझा अंगठा त्याच्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकला. तिथं एक नाडी लागते. ती इतकी भरधाव होती की मोजायलाही जमेना. मी मान वर केली. त्याच्या कपाळावर घाम होता, डोळे मोठे आणि चकचकीत. जबडा सारखा हलत होता, तोंडात काही नसताना.

“बरं नाही का रे?” मी विचारलं.

“काई नाई मामा. तीन दिवसापासून झोप नाई झाली, परदेशातल्या पार्टीचं लग्न होतं, त्याईले अधिकमहिना नसते. डायरेक ट्रॅव्हल्समधून उतरलो.”

दुसरा कुणी असता तर मी त्याला सोडलं नसतं. काय खाल्लं, काय प्यालास, जीभ दाखव, हात पुढं कर. पण पाटावर बसलेल्या भाच्याची उलटतपासणी घ्यायची? बायको हातात आरतीचं ताट घेऊन उभी. मी गुमान वाकलो आणि त्या गार पायांवर डोकं टेकवलं. मनात मात्र पाल चुकचुकली होती. हे मी आज लिहितो आहे म्हणून नव्हे, तेव्हाच चुकचुकली होती, आणि मी तिला हुसकून लावलं.

जेवायला बसलो तर त्यानं दोन घासांत हात आखडता घेतला. बायकोनं चार दिवस खपून केलेलं जेवण. ती हिरमुसली. तो उठून पडवीत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी मागे गेलो तर भिंतीला टेकून उभा, एक हात छातीवर.

“मामा, छातीत लय धडधड करून राह्यलं. दुकानातलं काई द्या न.”

आता इथं माझ्यातला मेडिकलवाला जागा झाला. झोप नाही, उपाशीपोटी प्रवास, टेन्शन, त्यात ऊन. धडधड आहे, मग धडधडीची गोळी. वडिलांसाठी मी हीच वर्षानुवर्षं घरात ठेवायचो, परीक्षेच्या आधी घाबरणाऱ्या पोरांना हीच द्यायचो, आणि शेजारपाजारचे तर हिला ‘मामाची गोळी’ म्हणायचे. हृदयाची गती उतरवणारी साधी, स्वस्त गोळी. मी कपाटातून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता. मग पाण्याबरोबर गिळून टाकली.

अर्ध्या तासात तो पांढराफटक पडला. धडधडीच्या जागी आता दुखणं आलं होतं. “कोनी छातीवर गुडघा देऊन बसल्यावानी वाटते मामा,” एवढंच तो बोलला आणि पुढं त्याला बोलवेना. डावा हात त्यानं उजव्या हातानं धरून ठेवला होता. मी काउंटरवर बसून हृदयविकाराचे झटके पुष्कळ ऐकले होते, पण ते साठीतल्या माणसांचे, बायका येऊन सांगत तेव्हाचे. समोर एकही बघितला नव्हता. गाडीची किल्ली खिशात असून मी ती घरभर शोधली.

मंगरूळपीरहून वाशीमपर्यंतचा रस्ता मला पाठ आहे. त्या दिवशी तो संपेना. भाचा मागच्या सीटवर आडवा, डोकं माझ्या बायकोच्या मांडीवर. ती त्याच्या छातीवर हात फिरवत देवाचं नाव घेत होती. मी आरशात बघायचो, पुन्हा रस्त्याकडे, पुन्हा आरशात. एकदा त्याचे डोळे मिटलेले दिसले आणि मी ओरडलो, “ए, डोळे उघड! डोळे उघड म्हणतो ना!” भाच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. त्यानं उघडले. मला जाताना सारखं एकच दिसत होतं, की मी इंझोरीला बहिणीच्या अंगणात उभा आहे आणि मला तोंड उघडता येत नाही.

वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात हृदयाची डॉक्टर एक तरुण बाई होती. छातीला तारा लावून कागद काढला, तो तिनं दोनदा बघितला. रक्तदाब दोनशेच्या वर. “वय तीस?” तिनं मला विचारलं. “घरात कुणाला हृदयाचा त्रास?” नाही. “साखर?” नाही. “तंबाखू, दारू, आणखी कसली नशा?”

“मॅडम,” मी म्हणालो, “आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही.”

मी त्याला विचारलंही नाही. त्याच्या वतीनं उत्तर देऊन मोकळा झालो. वर सांगितलं, की मी स्वतः मेडिकलवाला आहे, गती उतरवायची गोळी मी घरीच दिली आहे. हे सांगताना माझ्या आवाजात चक्क अभिमान होता. डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या डोळ्यांकडे. बॅटरीनं बाहुल्या तपासल्या.

“तुम्ही बाहेर थांबा.”

“मी मामा आहे त्याचा. मेडिकल आहे माझं...”

“म्हणूनच बाहेर थांबा,” ती म्हणाली.

मी पडद्याबाहेर आलो. पडदा तो पडदाच, त्यातून सगळं ऐकू येत होतं. तिचा आवाज शांत होता. “हे बघ, मी पोलीस नाही आणि तुझी आईही नाही. तू काय घेतलंस ते कळल्याशिवाय मी पुढचं इंजेक्शन देऊ शकत नाही. चुकीचं दिलं तर तू इथंच संपशील.”

मशीन तेवढं टुक टुक करत होतं, फार भराभर.

“कोकेन,” भाचा म्हणाला. “नाकानं ओढली. पाय धुवाच्या आधी. मामाच्या घरी, बाथरूममधी.”

बायको बाकावर बसली होती, तिनं ऐकलं नाही. तिला ऐकू आलं असतं तरी तो शब्द कळला नसता.

आत तो सांगत होता, तुटक तुटक. कामाला लागल्यावर दोन वर्षांनी कुणीतरी दिली. लागोपाठ तीन-तीन रात्री जागायचं, पहाटे नवरदेवाचे मित्र नाचून थकले तरी यानं टवटवीत दिसायचं. आधी कधीतरी, मग प्रत्येक मोठ्या लग्नात, वरून दारू. आणि आज कशासाठी? “मामी चार दिवसापासून सयपाक करून राह्यली होती. मामा पाय धुनार होते. मले झोप अनावर झालती. ताटावर डुलक्या घेतल्या असत्या त कसं दिसलं असतं?”

हे ऐकल्यावर मला रडू आलं. माझा मान राखायला म्हणून त्यानं माझ्याच घरात विष ओढलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी हातातली सुई बाजूला ठेवून दुसरी मागवली, ते मला नर्सच्या धावपळीवरून कळलं. त्याला गुंगीचं औषध दिलं, हृदयाच्या नळ्या सैल करायचं औषध चालू केलं, रक्त पातळ करायची गोळी चघळायला लावली. तासाभरात त्याचं दुखणं उतरलं. मग तिनं मला आपल्या खोलीत बोलावलं. मी खुर्चीच्या कडेवर बसलो, माझ्याकडे येणारी गिऱ्हाइकं बसतात तसा.

“कोकेन हृदयाला पळवतं,” ती म्हणाली. “पळणाऱ्या हृदयाला रक्त जास्त लागतं. आणि त्याच वेळेला हेच कोकेन हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या आवळून धरतं.” तिनं आपली मूठ घट्ट मिटून दाखवली. “रक्तही चिकट होतं, गुठळी धरायला बघतं. नळीच्या आतलं अस्तर खराब होत जातं. पुन्हापुन्हा घेणाऱ्या तिशीतल्या माणसाच्या नळ्या म्हाताऱ्यासारख्या होऊ शकतात. दारूबरोबर घेतलं तर शरीरात त्याचं आणखी एक रसायन बनतं, ते जास्त वेळ टिकतं. आणि कधी कधी यातलं काहीच व्हायला वेळ लागत नाही. ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस उभ्याउभ्या जातो. पहिल्यांदा घेणाराही.”

“आणि माझी गोळी?” मी विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना.

“शरीर नळ्यांना आवळायची एक खूण देतं, सैल व्हायची दुसरी. तुमच्या गोळीनं सैल व्हायची खूण बंद होते, अशी भीती असते. मग आवळणारीच उरते. सगळ्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. पण कोकेन अंगात असताना मी ती दिली नसती. आणि तुम्ही मघाशी नशा नाही म्हणालात तेव्हा मी तशाच प्रकारचं इंजेक्शन भरलं होतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी किती जणांच्या तळहातावर ती गोळी ठेवली असेल, आणि किती जणांनी तेव्हा माझ्याकडे बघून काहीतरी बोलायचं टाळलं असेल, हे डोक्यात आलं.

संध्याकाळी बहीण येणार होती. त्याआधी मी त्याच्याजवळ बसलो. तो गुंगीत होता, पण माझा हात त्यानं पकडला.

“मामा, आईले सांगू नका. ते मरून जाईन. पुन्हा हात नाई लावत, माही शपथ हाय तुमाले.”

“नाही सांगत,” मी म्हणालो.

बहीण आली तेव्हा शेतातल्याच लुगड्यावर होती. पायाला माती. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि माझ्याकडे वळली. “भाऊ, काय झालं माह्या लेकराले?”

“ऊन लागलं बाई,” मी म्हणालो. “अंगातलं पाणी कमी झालं. तीन दिवसाची झोप नाही, त्यात प्रवास. आता बरा आहे.”

तिनं लगेच विश्वास ठेवला. भाऊ मेडिकलवाला आहे, तो म्हणतो म्हणजे तेच असणार. खरं सांगायचं तर मी फक्त भाच्याचं गुपित लपवलं नाही. माझी गोळीही त्याच्याआड लपवली.

दुसऱ्या दिवशी बहिणीला समजावून घरी पाठवलं आणि त्याला अकोल्याला नेऊन हृदयाच्या नळ्यांची तपासणी केली. गुठळी नव्हती. पण रक्तात हृदयाला इजा झाल्याची खूण होती, आणि सोनोग्राफीत हृदयाचा खालचा एक कोपरा बाकीच्यांच्या मानानं सुस्त हलत होता. पडद्यावर मला तो दाखवला. सगळं काळीज उघडमीट करतंय आणि तेवढाच तुकडा मागे राहतोय. डॉक्टर म्हणाले, सुधारेलही, पण पुन्हा घेतलं तर काही सांगता येत नाही. भाच्यानं मान डोलवली. आठवड्यानं तो पुण्याला गेला. मी म्हटलं, राहा इथंच. तो म्हणाला, मग आईला काय कारण सांगायचं? माझ्याच थापेनं त्याची वाट अडवून ठेवली होती. साध्या उन्हासाठी कुणी नोकरी सोडत नाही.

पुढचा महिना मी कसा काढला ते मलाच माहीत. सकाळी उठल्याबरोबर देवाला हात जोडण्याआधी मी व्हॉट्सॲपवर त्याचं शेवटचं येणं बघायचो. पहाटे चारला आला होता म्हणजे चारपर्यंत जिवंत होता, आणि चारपर्यंत जागा का होता? आठवड्यातून दोनदा फोन करून विचारायचो, “काय म्हणता भाचेबुवा, तब्येत?” “एकदम ओके मामा.” कोकेन हा शब्द तोंडातून काढायची मात्र माझी हिंमत होत नव्हती. तो खोटं बोलला तर काय, ही एक भीती. खरं बोलला तर काय, ही दुसरी. त्यापेक्षा तब्येत विचारणं सोपं होतं. दुकानात ‘मामाची गोळी’ मागायला कुणी आलं की मी खेकसायचो, आधी डॉक्टरकडे जा. माणसं म्हणू लागली, याचं डोकं फिरलं.

जूनमध्ये एका दुपारी दुकानात अनोळखी नंबर वाजला. पलीकडे पुण्याचा एक पोरगा, भाच्याबरोबर काम करणारा. आवाज कापत होता. भाचा मंडपातच कोसळला होता. हृदयाची लय बिघडली होती, दवाखान्यात शॉक देऊन ती परत आणली. “मी डॉक्टरांना लगेच सांगितलं काका, काय घेतलं ते. त्यानंच मला सांगून ठेवलं होतं, मला काही झालं तर पहिलं हेच सांग म्हणून.”

म्हणजे त्यानं सोडली नव्हती. आणि आपण यात कधीतरी पडणार हे त्याला माहीत होतं. हे त्यानं मित्राला सांगून ठेवलं, मला नाही.

मी शटर ओढलं, पुण्यापर्यंत स्वतः चालवायचा धीर नव्हता म्हणून भाड्याची गाडी केली आणि आधी इंझोरीला गेलो. बहिणीला घेतल्याशिवाय पुण्याला जायची माझी छाती नव्हती. ती शेतात ठिबकच्या नळ्या गुंडाळत होती, पेरणीआधी वावर मोकळं करायला. मला भरदुपारी बांधावर बघून तिच्या हातातली नळी सुटली.

“जिता हाय न?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“जिता हाय बाई. दवाखान्यात हाय.” आणि मग मी बांधावर बसून सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून. गोळीसकट.

“म्हंजे गांजा काय?” ती म्हणाली.

“नाई. पांढरी पावडर रायते. नाकानं ओढतेत.”

“त्यानं काय होते?”

मला डॉक्टरीण बाईंची मूठ आठवली, पण ती बहिणीपुढं दाखवावीशी वाटेना. मी तिच्या पायाजवळची नळी उचलली, मध्येच मुरगळून धरली. “मोटार जोरात चालू हाय, आन् नळी अशी झाली. पानी पुढं जाईन का?”

“नाई.” ती त्या नळीकडे बघत राहिली. “झाड सुकते.”

“काळजाचं तसंच होते.”

ती रडली नाही. उठली, झोपडीत जाऊन लुगडं बदलून आली, पिशवीत दोन कपडे कोंबले. आम्ही गाडीपर्यंत आलो. दार उघडायच्या आधी ती थांबली.

“मंग तू मले ऊन लागलं म्हून काहून सांगतलं?”

“त्यानं शपथ घातली होती,” मी म्हणालो. ते अर्धंच होतं, म्हणून पुढं म्हणालो, “आन् मी भेलो.”

“महिना झाला मी रोज सकाळी त्याले फोन लावतो, भाऊ,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “रोज एकच इचारतो. ताक पेला का? डोक्याले रुमाल बांधला का? तो हो म्हनते, आन् मी फोन ठेवून देतो. मले मालूम असतं त मी दुसरं इचारलं नसतं का?”

ती मला वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. पुण्यापर्यंत मी मागे एकटा होतो.